अलीकडे ओढलेलं वर्ष

जहाजाची माहितीपुस्तिका चाळीस पानांची होती आणि आमच्या घरात ती मी एकटीनंच वाचली. थोरल्या दिरांनी ती घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘कोणीतरी वाचून महत्त्वाचं काय ते सांगा.’ जाऊबाईंनी अंगठा दाखवला. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, हात जोडले. ते ग्रुपवर काहीही आलं तरी हात जोडतात. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दुपारी दोन ते तीन तिथं कोणी फिरकत नाही. त्या तासात मी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकोणतिसाव्या पानावर मुलांना संध्याकाळी सांभाळायच्या सोयीचे नियम होते. ते मी दोनदा वाचले, पानाची प्रत काढली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि घरी जाऊन सांगितलं, की मी आणि माझी मुलगी जहाजावर येतो.

त्याआधी तीन आठवडे मी नाही म्हणत होते.

का, ते सांगायला एक वर्ष मागं जावं लागेल. आम्ही गारखेड्यात एकाच इमारतीत राहतो. दीर, जाऊ, त्यांची तीन मुलं आणि अण्णा तिसऱ्या मजल्यावर. मी, माझा नवरा आणि आमची मुलगी पहिल्या मजल्यावर. ‘मुलं खाली पाठवते गं,’ असा जाऊबाईंचा फोन यायचा. तो प्रश्न नसायचा. मुलं तोवर जिना उतरत असायची.

एकदा दूध आणायला म्हणून मी त्यांच्या मुलांना दहा मिनिटं समोरच्या दारी ठेवलं होतं. तेव्हा जाऊबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. ‘आमची मुलं आम्हाला विचारल्याशिवाय कोणाकडे ठेवायची नाहीत. त्यांच्याकडे काय काय शिजतं, तुला माहितीये.’ समोर राहणाऱ्या बाई शिक्षिका आहेत. त्यांच्या घरात माझ्या घरापेक्षा जास्त पुस्तकं आहेत. हे मी बोलले नाही. ‘पुन्हा नाही होणार, वहिनी,’ असं म्हटलं. घालून दिलेला नियम पाळणं हा माझा स्वभाव आहे.

मार्गशीर्ष वद्य पंचमीच्या संध्याकाळी दीर आणि जाऊ अण्णांना घेऊन बीड बायपासच्या एका लॉनवर रिसेप्शनला गेले. लॉनवर थंडी असते म्हणून मुलं माझ्याकडे ठेवली. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि माझ्या खांद्यावर झोपला होता. सहा वीसला नवऱ्याच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. वाळूजहून येताना बसमध्ये माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ आली होती, त्याला जालना रोडवरच्या दवाखान्यात नेत होते. ‘वहिनी, घाबरू नका, पण या.’

माझ्या घरापासून तो दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. मी जाऊबाईंना फोन लावला. मग दिरांना. मग पुन्हा जाऊबाईंना. सात वेळा त्यांना, चार वेळा दिरांना. अण्णा फोन घरीच ठेवून गेले होते, तो वरच्या बंद घरात वाजलेला मी जिन्यातून ऐकला. मी मुलांच्या चपला काढून ठेवल्या, चौघांना एका रिक्षात कोंबून नेता येईल का याचा विचार केला, दवाखान्यात दोन वर्षांचं मूल न्यावं का याचा विचार केला आणि परत फोन लावला. समोरच्या दाराखालून उजेड दिसत होता. ते दार मी वाजवलं तेव्हा सात वाजून गेले होते. शिक्षिकाबाईंनी मूल माझ्या खांद्यावरून स्वतःकडे घेतलं आणि म्हणाल्या, ‘अहो, इतका वेळ थांबलात कशाला?’

मी पोचले सात पंचवीसला. तो सव्वासातला गेला होता. सहकारी कॉरिडॉरमध्ये उभा होता. चांगला माणूस, खोटं बोलता येत नाही त्याला. म्हणाला, ‘वहिनी, दोनदा विचारलं त्यांनी. आली का, म्हणून.’

दीर नऊ वाजता आले. ‘बँड लावला होता तिथं,’ ते म्हणाले. ‘काही ऐकू येत नव्हतं.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘माझा पर्समध्ये होता गं.’ पुढं तेरा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पाण्याचा पेला हातात देता देता सांगायच्या, ‘त्यातल्या त्यात नशीब, मुलं होती तिच्याजवळ. एकटी नव्हती त्या वेळी.’ मी सतरंजीवर बसून ते ऐकायची. मी बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं की मी विसरते.

जहाजाचं निघालं पुढच्या पावसाळ्यात. अण्णांना डिसेंबरात पंचाहत्तर पूर्ण होणार होती. दिरांच्या ऑफिसातल्या कोणीतरी मुंबईहून जहाजानं चार दिवसांची सहल केली होती. त्यांनी फोटो पाहिले आणि नाताळच्या सुट्टीतलं बुकिंग करून टाकलं. मग जाऊबाईंच्या लक्षात आलं की घरात दुखवट्याचं वर्ष चालू आहे. वर्ष पुरं व्हायच्या आत मोठं काही करायचं नाही, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. घराण्यात भिक्षुकी होती, मग कारकुनी आली, मग नोकऱ्या. पण पंचांग गेलं नाही. त्या पंचांगात यावर उपाय होता. दिवाळीनंतर गुरुजींना बोलावलं.

गुरुजींनी विचारलं, ‘घरात कार्य काय आहे? लग्न? मुंज?’

‘अण्णांना पंचाहत्तर पूर्ण होतायत,’ दीर म्हणाले.

‘म्हणजे पंचाहत्तरीची शांत.’

‘हां, तसंच समजा.’

‘समजा कसं? आहे का नाही?’

‘आहे हो. आहे.’

‘मग अपकर्षानं करून घेऊ. उरलेली मासिकं आणि वर्षश्राद्ध एकाच दिवशी. अलीकडे ओढायचं. शास्त्रात सोय आहे.’

अशा रीतीनं कार्तिकातल्या एका गुरुवारी सकाळी साडेअकराच्या आत माझ्या नवऱ्याचं वर्ष संपलं. अण्णा पाटावर डोळे मिटून बसले होते. त्यांना आधी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, ‘तुम्ही ठरवा.’ मला कोणी विचारलं नव्हतं. मी वड्याची डाळ वाटत होते. जेवणं झाल्यावर जाऊबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘चल, मोकळी झालीस. आता जहाजावर जरा मनाला बदल होईल.’

आणि आठ दिवसांनी त्यांनी ग्रुपवर जहाजावरचं वेळापत्रक टाकलं. रोज संध्याकाळी सहा ते साडेनऊ समोर लिहिलं होतं: ‘मुलं काकूंबरोबर खोलीत.’ मला वेगळा फोन करून म्हणाल्या, ‘तिथं रोज नाचगाणं, डिनर असतं. तुला इतक्यात ते बरं दिसणार नाही ना. लोक काय, बोलतात.’

म्हणजे वर्ष जहाजापुरतं संपलं होतं. नाचापुरतं चालू होतं.

मी कॅलेंडर पाहिलं. वद्य पंचमी सहलीच्या दुसऱ्या दिवशी येत होती. त्याच संध्याकाळी सात वाजता अण्णांचा सत्कार ठेवला होता. म्हणजे त्या तिथीला, सव्वासात वाजता, मी पुन्हा यांची तीन मुलं घेऊन एका बंद खोलीत बसणार होते. तेव्हाच मी येत नाही म्हणून सांगितलं. माझी सहा वर्षांची मुलगी दोन दिवस रडली, मला म्हणाली, ‘तू नको येऊ, मी मोठ्या काकूबरोबर जाईन.’ त्या मला न घेता तिला नेतीलही, हे मला दिसत होतं. मग पुस्तिका आली.

एकोणतिसाव्या पानावर लिहिलं होतं की संध्याकाळी सहापासून किड्स क्लबमध्ये तीन वर्षांवरची मुलं ठेवता येतात. मुलाला आणून कोणीही सोडावं. पण नोंदणीच्या कागदावर सही आईची किंवा वडिलांचीच हवी, नातेवाइकांची चालणार नाही. मूल सोडलं की पालकासाठी एक छोटा फोन देतात, जहाजातल्या जहाजात चालणारा. मूल दहा मिनिटांत शांत झालं नाही तर त्यावर फोन येतो आणि पालकानं पंधरा मिनिटांत यायचं. मूल परत फक्त सही करणाऱ्याच्या हाती देतात. आणखी कोणाला न्यायची परवानगी द्यायची असेल तर कागदावर त्यासाठी एक रकाना आहे.

मी धाकट्याची जन्मतारीख तपासली. पंचमीला त्याला तीन वर्षं पूर्ण होऊन बारा दिवस होत होते.

मला काय हवं होतं, ते मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं. त्या दिवशी सव्वासात वाजता माझ्याजवळ फक्त माझं मूल असावं, दुसऱ्या कोणाचंही नसावं. आणि त्याच वेळी जाऊबाईंच्या पर्समध्ये फोन वाजावा. दोन्ही हवं होतं. पहिलं जास्त हवं होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता तितकी खात्री देता येत नाही.

मुंबईला बंदरावर चढायच्या आधी भरायच्या कागदांचा गठ्ठा होता. तब्येतीचा, सामानाचा, खाण्यापिण्याचा. सगळे मी आधीच घरून भरून आणले होते. रांगेत जाऊबाई मुलांचे फोटो काढत होत्या. मी एकेक कागद पुढं करत गेले, ‘इथं सही. इथं.’ त्यांनी मोबाइल डाव्या हातात धरून उजव्या हातानं सह्या केल्या. क्लबचे तीन कागद मधोमध होते. ‘बाई गं, किती तुझी ही कारकुनी,’ त्या हसून म्हणाल्या, ‘तू होतीस म्हणून.’ परवानगीच्या रकान्यात मी तिन्ही कागदांवर आधीच आडवी रेघ मारून ठेवली होती.

पहिल्या संध्याकाळी मी वेळापत्रकाप्रमाणे चारही मुलांना घेऊन खोलीत बसले. गोष्टी सांगितल्या, दूधभात भरवला. साडेनऊला जाऊबाई आल्या, गालावर चमचम लावलेली होती. ‘त्रास नाही ना दिला?’ ‘नाही.’ ‘मला माहीतच होतं.’

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी चौघांना क्लबमध्ये नेलं. सातव्या मजल्यावर एक मोठी काचेची खोली, आत रंगीत गाद्या, बुटक्या टेबलांवर मातीचे गोळे. तिथं बसलेल्या बाई नागपूरकडच्या होत्या, चाळिशीच्या, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी कागद नीट वाचले. मला बरं वाटलं. नीट वाचणारं माणूस क्वचित भेटतं.

‘यातली तुमची कोणती?’

‘ही एक. तिच्या कागदावर माझी सही आहे. हे तिघं जावेचे.’

‘अन् इथं न्यायच्या परवानगीत तुमचं नाव नाही टाकलं?’

‘नाही.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘बरं,’ म्हणाल्या आणि दोन फोन दिले, एक माझा, एक जाऊबाईंचा.

धाकट्याला माझी मुलगी हात धरून आत घेऊन गेली. तो मागं वळून बघत होता. मी हात हलवला आणि निघाले.

जाऊबाई खोलीत पैठणी नेसत होत्या. पलंगावर बॅटरीचे पंचाहत्तर दिवे मांडलेले होते. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही हेही पुस्तिकेत होतं. ते मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून सिटी चौकातून ते दिवे आणले होते.

‘हा फोन जवळ ठेवा, वहिनी. वाजला तर घ्या.’

‘कसला गं?’

‘मुलांचा.’

‘मुलं कुठायत?’

‘खेळतायत.’

‘टाक पर्समध्ये. आणि ही निरी जरा खाली ओढ.’

मी आवाज पूर्ण वाढवून फोन त्यांच्या पर्समध्ये ठेवला. मग खाली बसून त्यांच्या निऱ्या नीट केल्या.

सात वाजायला पाच मिनिटं असताना मी माझ्या मुलीला आणायला परत क्लबमध्ये गेले. तिला घेऊन वरच्या उघड्या डेकवर जायचं होतं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिचे बाबा तिला कसे उचलून घ्यायचे, एवढंच कदाचित बोलले असते. ती दाराशी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मांजराच्या मिशा रंगवलेल्या होत्या.

‘आई, आत्ता नको ना. आमचं नाटक आहे. मी मांजर आहे.’

‘थोडाच वेळ. मग परत सोडते.’

‘नाही! मग दुसरं कोणीतरी मांजर होईल. प्लीज, आई.’

तिला आजची तिथी माहीत नव्हती. मीच सांगितली नव्हती. एवढ्या दिवसांत मी नियम पाठ केले, तारखा तपासल्या, आणि माझ्या स्वतःच्या मुलीला ती संध्याकाळ कशाची आहे ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. ती आत पळाली. मी दारात उभी राहिले आणि तेव्हा मला धाकट्याचा आवाज आला.

तो गादीवर बसून रडत होता. आईला हाक मारत नव्हता. ‘काकू, काकू’ असं म्हणत होता. काचेतून त्याला मी दिसले असते तर तो धावत आला असता. मी दोन पावलं बाजूला सरकले आणि भिंतीआड उभी राहिले.

नागपूरच्या बाई बाहेर आल्या. ‘तुम्ही इथंच आहात? बरं झालं. आईला फोन लावून राहिले मी, उचलतच नाहीत. तुम्ही जरा आत येऊन बसता का त्याच्याजवळ?’

‘मी आई नाही.’

‘अहो, तो तुमच्याच नावानं रडून राहिला.’

‘कागदावर माझं नाव नाही. तुम्हीच पाहिलंत.’

‘नियम तुम्हाला चांगले माहीत दिसतात,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला बदल मला कळला.

‘लावत राहा,’ मी म्हटलं. ‘घेतील.’

तिथं कॉरिडॉरमध्ये एक बाक होता. डेकवर जायचं सोडून मी त्यावर बसले. जाऊबाई येताना कशा दिसतात ते मला बघायचं होतं. चौथ्या वेळी फोन उचलला गेला.

त्या आल्या त्या जवळजवळ धावत. पैठणीचा पदर हातावर, कपाळावर घाम, कुंकवाचं एक बोट अजून लाल. आत गेल्या, कागदावर सही केली, मूल घेऊन बाहेर आल्या आणि मला बाकावर बसलेली पाहून थांबल्या.

‘तू इथं? आणि पोरं तिथं परक्यांत?’

‘हो.’

‘अगं, हो काय? औक्षण अर्धं टाकून आलेय मी. अण्णा पाटावर बसलेत, सगळा हॉल बघतोय. घे याला.’

मुलानं माझ्याकडे हात पसरले. माझे हात आपोआप उठले असते, म्हणून मी ते मांडीखाली दाबून धरले.

‘घे ना गं!’

‘आज नाही.’

‘आज नाही म्हणजे?’

‘आज तिथी आहे.’

‘तिथी कसली? दिवाळीनंतर वर्षश्राद्ध झालं ना? मी स्वतः पंचवीस पानं वाढली.’

‘ते तुमचं झालं.’

मूल किंचाळत होतं. तेवढ्यात लिफ्टमधून दीर बाहेर पडले, गळ्यात सत्काराचा हार तसाच; अण्णांचा होता का त्यांचा, कोण जाणे.

‘काय चाललंय काय? तिकडं म्हातारा माणूस ताटकळलाय. मूल रडतंय तर ती घेईल ना, त्यासाठी तर—’

‘त्यासाठी तर काय, भाऊजी?’

त्यांनी गळ्यातला हार सरळ केला. मग आवाज चढवून म्हणाले, ‘एवढं सगळं मनात होतं तर यायचंच कशाला?’

‘याच्यासाठीच आले.’

‘हा सूड आहे का?’

‘हो,’ मी म्हटलं.

 आमच्या घरात माणसं रागावतात, रुसतात, बोलणं टाकतात, पण कोणी हो म्हणत नाही. दिरांनी घड्याळ पाहिलं. ‘साडेसात होत आले. लोकांची जेवणं खोळंबलीत.’ बायकोकडे वळून म्हणाले, ‘तू ये याला घेऊन,’ आणि निघून गेले.

साडेसात होत आले होते. म्हणजे सव्वासात वाजून गेले होते. या भांडणात, मांडीखाली हात दाबून बसलेली असताना, केव्हातरी. मला ते कळलंही नव्हतं. वर्षभर जपून ठेवलेलं एक मिनिट पुन्हा याच मुलाच्या रडण्यात गेलं होतं आणि या वेळी मी कुठंही अडकलेली नव्हते. उठून गेले असते तर कोणी धरलं नसतं.

जाऊबाई गेल्या नाहीत. पैठणीसकट भिंतीला टेकून खाली बसल्या. मूल त्यांच्या मांडीवर उचक्या देत देत थकलं आणि झोपलं.  मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी बघितला होता तुझा फोन.’

त्यांनी झोपलेल्या मुलाचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

‘नाव दिसलं तुझं. वाटलं, हा रडत असेल. घेतला तर निघावं लागेल. म्हटलं, ती घेईल सांभाळून.’ त्या रडायला लागल्या. ‘मला काय माहीत गं? मला काय माहीत असं काही असेल?’

‘कितव्यांदा वाजला तेव्हा बघितलात?’

‘काय?’

‘सात वेळा लावला होता. कितव्यांदा बघितलात?’

त्यांनी डोळे पुसले. खोटं बोलता आलं असतं. ‘पहिल्यांदाच,’ म्हणाल्या. ‘मग आवाज बंद करून ठेवला.’

वर्षभर मी धरून चालले होते की बँड होता, पर्स होती, ऐकू आलं नाही. तेवढ्यावर मी इतकं सगळं रचलं होतं. आणि त्यांनी तर नाव वाचून फोन पर्समध्ये ठेवला होता. माझा सूड फारच लहान होता, हे मला त्या बाकावर कळलं. सांगून टाकलं की हलकं होईल असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना हलकं होऊ दिलं नाही. हात पाठीवर ठेवला नाही, पाणी आणून दिलं नाही, ‘जाऊ द्या, वहिनी’ म्हटलं नाही. त्यांचं रडणं संपेपर्यंत मी नुसती समोर बसून राहिले.

आठ वाजता नाटक संपलं. जाऊबाईंनी त्यांच्या थोरल्या दोघांसाठी सही केली. माझी मुलगी धावत आली, मी सही केली, आणि आम्ही दोघी वर डेकवर गेलो. वारा फार होता. मी तिला सांगितलं की आज बाबा जाऊन वर्ष झालं. ती म्हणाली, ‘पण ते तर आधीच झालं ना? आपण वडे खाल्ले होते.’ मी म्हटलं, ‘ते चुकून झालं होतं.’ ती मिशा पुसायला लागली, तर मी म्हटलं राहू दे.

अण्णांनी त्या रात्री अन्नाला हात लावला नाही, असं मला सकाळी कळलं. दिरांनी रागाच्या भरात त्यांना सगळं सांगितलं होतं. नाश्त्याच्या वेळी ते माझ्या टेबलाशी आले, खुर्ची धरून उभे राहिले. ‘काल तिथी होती. मला कोणी सांगितलं नाही.’

‘पंचांग तुमच्याच कपाटात असतं, अण्णा,’ मी म्हटलं.

ते मान हलवून गेले. त्यांचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला अर्ध्या औक्षणावरून उठवलं ते मी. पण बोलले ते परत घ्यावं असं मात्र वाटत नाही. तो त्यांचा मुलगा होता. तीस तिथींपैकी एक त्यांना लक्षात ठेवता आली असती.

घरी आल्यावर जाऊबाईंनी कोणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. मुलं खाली पाठवणं बंद झालं. त्यांनी एक बाई ठेवली. जिन्यात भेटलो तर बोलतो, सणाला ताट वर-खाली होतं. बाहेरच्या कोणाला काही वेगळं दिसणार नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी बेल वाजली. जाऊबाई दारात होत्या, धाकट्याचा हात धरून. तो मला बघताच आत घुसला आणि माझ्या पायांना मिठी मारली. मी त्याला उचललं. तो आता चांगला जड झालाय. रव्याचा लाडू दिला, तोंड पुसलं.

‘तासभर ठेवू का गं याला?’ जाऊबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. त्यांना कुठं जायचं नव्हतं. घरातले कपडे होते अंगावर. ‘तुझी फार आठवण काढतो.’

मला कळत होतं की त्या मूल ठेवायला आल्या नव्हत्या. त्या विचारायला आल्या होत्या की झालं का, मिटलं का.

‘नाही, वहिनी,’ मी म्हटलं आणि मुलाला त्यांच्या कडेवर दिलं. तो माझ्या गळ्यातला हात सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. त्या वर जायला लागल्या तसा तो रडू लागला, ‘काकू’ म्हणून. तिसऱ्या मजल्यावरचं दार लागेपर्यंत मी माझं दार उघडं ठेवून ते ऐकलं.